कॅन्सरचे संशोधन : परळपासून बार्शीपर्यंत, आणि बार्शीपासून आपल्या पाड्यापर्यंत

दरवर्षी ४ फेब्रुवारी जवळ आला की कॅन्सरच्या बातम्या सुरू होतात. जागतिक कॅन्सर दिन, तपासणी शिबिर, व्याख्यान, कुठेतरी लागलेला 'नवा शोध'. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाबाहेर किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ फलक लागतो, आशाताई घरोघरी निरोप देतात. आणि बरेच लोक मनात म्हणतात, "संशोधन मोठ्या शहरात चालते. आपला त्याच्याशी काय संबंध?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर तुम्हाला वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. कॅन्सरबद्दल आज जगभर जे मानले जाते, त्यातले काही महत्त्वाचे धडे आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आले आहेत. तुमच्यासारख्याच शेतावर राबणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी आणि तंबाखू मळणाऱ्या पुरुषांनी ते दिले आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. ती वाचलीत तर पुढच्या वेळी आशाताईंनी हाक मारल्यावर जायचे की नाही, हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

"आपल्याकडे हा रोग नाही"

शंभर वर्षांपूर्वी असा समज होता की कॅन्सर हा गोऱ्या, श्रीमंत देशांचा आजार आहे आणि हिंदुस्थानात तो क्वचितच होतो. त्या काळी आपल्याकडे माणसे लवकरच्या वयात साथीच्या रोगांनी जात आणि खेड्यात मेलेल्या माणसाचे निदान कोणी करत नसे. रोग मोजला नाही की तो नाही असे वाटते, एवढाच याचा अर्थ.

१९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय आपल्या देशात असावी असे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात होते. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, पण काम थांबले नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तेव्हा तिथे ८० खाटा होत्या.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणारे डॉक्टर. पण ते फक्त काचपट्टीत डोके घालून बसले नाहीत. हा माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे ते विचारत राहिले. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्यांनी कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचे वर्णन केले. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून काळी पडलेली, चिघळणारी त्वचा हे त्याचे मूळ. लुगड्याची किंवा परकराच्या नाडीची गाठ रोज त्याच जागी आवळणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. तिथली जखम महिनाभरात भरली नाही तर दाखवा.

१९५५ साली डॉ. सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विडी ओढणे आणि तंबाखू खाणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध मांडला. इंग्लंड-अमेरिकेत सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यावर वाद चालू होता, त्याच वर्षांत परळच्या डॉक्टरांनी आपल्या चुना-तंबाखूचा हिशेब मांडला होता.

खानोलकरांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करायचा, हे ते काम. याच रणदिवेबाईंनी पुढे सह्याद्रीच्या पलीकडे, नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. प्रयोगशाळा आणि पाडा यांच्यात फार अंतर नसते, असलेच तर ते चालून जाता येते, हे त्यांच्या कामातून दिसते.

गावोगाव तोंडे तपासणारी माणसे

रुग्णालयात येणारा रुग्ण म्हणजे संपूर्ण गाव नव्हे. जे पोहोचले तेवढेच दिसतात. म्हणून १९६०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतवैद्यकीय गटाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली उलटा रस्ता धरला. रुग्णाची वाट न पाहता डॉक्टरच गावात गेले. पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक, नेमके सांगायचे तर १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे त्यांनी तपासली. १९७२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या आणि देशातल्या इतर जिल्ह्यांतल्या पाहण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी पांढरा चट्टा येतो, कधी लाल चट्टा येतो, कधी तोंड उघडणे कमी होत जाते. यातले काहीच बहुतेक वेळा दुखत नाही. आणि हे मुख्यतः तंबाखूवाल्यांच्याच तोंडात दिसते.

पुढचा प्रश्न होता: सांगून कोणी तंबाखू सोडतो का? १९७७ पासून केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या एकेका जिल्ह्यात मिळून सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटून समजावण्यात आले. सगळ्यांनी सोडली नाही. पण ज्यांनी सोडली त्यांच्या तोंडात नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. म्हणजे "आता इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय फायदा" या आपल्या लाडक्या वाक्याला उत्तर मिळून बरीच वर्षे झाली आहेत. फायदा आहे.

इथे मशेरीचा उल्लेख केलाच पाहिजे. तव्यावर भाजलेली तंबाखू दाताला लावणाऱ्या आजीला "तुम्ही तंबाखू खाता का?" असे विचारले तर ती मनापासून "नाही" म्हणते. तिच्या लेखी ते दात घासणे आहे. शरीराच्या लेखी ती तंबाखूच आहे. महाराष्ट्रात २०१२च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी घरातच भाजली जाते. तिच्यावर बंदी तुम्हालाच घालावी लागेल.

बार्शी : मोजता मोजता आलेली जाग

१९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. ठरलेल्या भागात राहणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची नोंद ठेवायची, मग तो कोणत्याही दवाखान्यात जावो. पण ही मोजदाद शहराची होती. खेड्याचे काय?

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे त्यात होती. अडचण उघड होती. शहरात रुग्णालयाच्या वह्या पाहून नोंद होते. खेड्यात माणूस रुग्णालयापर्यंत गेलाच नाही तर वहीत नाव येणार कुठून? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते ठराविक काळाने गावात जाऊ लागले. पारावर बसायचे, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलायचे, कॅन्सरची लक्षणे सांगायची, आणि कोणाला तसे काही असेल तर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात तपासणीला यायला मदत करायची.

उद्देश मोजण्याचा होता. पण काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट नोंदवहीत उमटली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध आले नव्हते. कोणीतरी नियमाने गावात येऊन "अंगावरून मधेच जाते का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते का" असे मोकळेपणाने विचारत होते, एवढेच. आपल्याकडे अशा गोष्टी सासूलाही सांगत नाहीत. विचारणारे कोणी असले की तोंड उघडते, आणि तोंड उघडले की जीव वाचायची शक्यता वाढते.

आशाताई घरी येऊन चार प्रश्न विचारतात तेव्हा "कशाला चौकश्या" असे वाटते ना? त्या चौकश्यांचे मोल बार्शीने दाखवून दिले आहे.

धाराशिवच्या बायका आणि मुंबईच्या बायका

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जातो. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. प्रश्न एवढाच की खेड्यात कोणती तपासणी उपयोगी पडेल?

याचे उत्तर शोधण्यासाठी टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांत एक मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था, म्हणजे वेगळी तपासणी नाही. तपासणी एकदाच केली आणि मग आठ वर्षे सगळ्यांची नोंद ठेवली.

२००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. दोन्ही गटांतल्या बायकांची संख्या जवळपास सारखी होती. ज्यांची एचपीव्ही तपासणी निर्दोष आली, त्यांच्यापैकी एकीचाही या काळात या कॅन्सरने मृत्यू झाला नाही. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला धाराशिवच्या बायकांनी दाखवले.

व्हिनेगरची तपासणी मात्र तिथे तेवढी उपयोगी ठरली नाही. मग ती टाकाऊ का? इथे मुंबईची चाचणी कामी येते. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर टाटा मेमोरियलने हा अभ्यास केला. तपासणारे डॉक्टर नव्हते, तर काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया होत्या. तपासणी एकदाच न करता दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. १२ वर्षांनी पाहिले तर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. साधी, स्वस्त तपासणी एकदा करून भागत नाही, ती ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. म्हणूनच "मागे एकदा शिबिरात केली होती" हे कायमचे उत्तर नाही.

ज्यांना तपासले नाही त्यांचे काय?

हुशार वाचकाच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. ६४ बायका गेल्या त्या गटाला तपासणी का दिली नाही? हा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांनीही विचारला. टीकाकारांचे म्हणणे होते की पॅप चाचणी उपयोगी असते हे आधीच माहीत होते, मग हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून मोजत बसणे योग्य नव्हते. संशोधकांचे म्हणणे होते की त्या वेळी देशात कुठेच नियमित तपासणी होत नव्हती, त्या गटातल्या बायकांनाही माहिती आणि उपचाराची सोय दिली होती, आणि ठोस पुरावा नसता तर सरकारने कार्यक्रम हाती घेतला नसता.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच त्या बायकांचे ऋण जास्त आहे. त्यांच्या नोंदींवर जे ज्ञान उभे राहिले ते वापरले नाही, तर ती किंमत वाया गेली असे होईल.

असाच धडा लसीच्या बाबतीत मिळाला. २००९ मध्ये एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, यावर देशात अनेक केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे त्यात होते. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लस प्रकल्पात, आदिवासी आणि वसतिगृहातल्या मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली नाही, असे उघड झाले. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या वादात २०१० साली सगळीच लसीकरणे थांबवण्यात आली. बार्शी-पुण्याच्या अभ्यासातल्या सुमारे पाच हजार मुलींना त्यामुळे एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, पुढे दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची नोंद ठेवली. त्यातून दिसले की एका डोसनेही विषाणूच्या धोकादायक प्रकारांपासून चांगले संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे सांगितले, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही मान्यता मिळाली.

"तोंडाला जखम, मग मानेचे ऑपरेशन कशाला?"

तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट हे नेहमी विचारतात. गाठ गालात आहे, मानेला काही लागत नाही, तरी सर्जन मानेतल्या गाठीही काढायच्या म्हणतात. नातेवाइकांना वाटते, उगाच वाढीव ऑपरेशन.

याचे उत्तरही परळलाच मिळाले. मान आधीच साफ करावी की गाठ दिसल्यावर, यावर जगभर अनेक वर्षे वाद होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट करून पाहिले. २०१५ साली निकाल आला. ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली त्यांच्यातले ६७.५ टक्के. तेव्हा सर्जनने हा सल्ला दिला तर तो खर्च वाढवण्यासाठी आहे असे लगेच समजू नका. आपल्याच लोकांच्या जिवावरून तो शिकलेला आहे.

आता आपल्या गावात काय करायचे?

तानसा आणि भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते. मुंबई आणि बार्शीत तयार झालेले ज्ञान उलट दिशेने इकडे यायला मात्र फार वेळ लागतो. ते ओढून आणणे काही अंशी आपल्या हातात आहे.

२०१६ पासून सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या सर्वांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. सुरुवात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून होते. काही सापडलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

शिबिराची तारीख आवणीत किंवा भातकापणीत आली तर जाणे होत नाही, हे खरे आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची तर वर्षातली सात-आठ महिने गाठच पडत नाही. म्हणून ग्रामसभेत स्पष्ट मागा: शिबिर लोक भट्टीवर जाण्याआधी घ्या, किंवा भट्टीवरच घ्या. अशी मागणी करणे तुमचा हक्क आहे.

पुढील गोष्टी शिबिराची वाट न पाहता दाखवा:

- तोंडातली जखम किंवा चट्टा तीन आठवड्यांत न गेलेला, तोंड पूर्वीइतके न उघडणे
- स्तनात न दुखणारी गाठ, बोंडातून रक्त
- संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे
- आवाज बसलेला राहणे, गिळायला त्रास, कारण नसताना वजन उतरणे

आणि कधी तुम्हाला एखाद्या संशोधनात भाग घ्यायला विचारले तर घाबरू नका, पण आंधळेपणाने अंगठाही देऊ नका. कागद मराठीत मागा, वाचता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. विचारा: मला यात काय मिळेल, काय धोका आहे, दुसऱ्या गटाला काय मिळणार, काही इजा झाली तर खर्च कोण करणार? नाही म्हणायचा आणि मधेच बाहेर पडायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद होऊ शकत नाहीत.

पेपरातल्या 'कॅन्सरवर रामबाण शोध' अशा बातमीलाही तीनच प्रश्न विचारा. हे माणसांवर तपासले की उंदरांवर? कशाशी तुलना केली? आणि त्याने माणसे जास्त जगली का, की फक्त गाठ थोडी लहान झाली? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर त्या बातमीसाठी चालू उपचार सोडू नका.

येत्या तपासणीला घरातल्या ज्या बाईने आजवर स्वतःसाठी कधी दवाखाना पाहिला नाही, तिला आधी घेऊन जा. तिला काही होत नसेल तरीही. तपासणी निरोगी माणसासाठीच असते.